गच्चीवरून ठळक तारे ओळखायला शिकताना

पहिल्या प्रतीच्या, म्हणजे सगळ्यांत तेजस्वी ताऱ्यांची यादी जेमतेम एकवीस-बावीस नावांची आहे. महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहणाऱ्याला वर्षभरात यातला प्रत्येक तारा दिसू शकतो, ही आपल्या अक्षांशाची कृपा. दिल्लीहून त्रिशंकूचा, म्हणजे दक्षिणेकडच्या क्रुसासारख्या आकृतीचा, तळाचा तारा क्षितिजावर येतच नाही. लंडनहून अगस्त्य, मित्र आणि अग्रनद हे दक्षिणेकडचे तेजस्वी तारे कधीच दिसत नाहीत. पुण्याहून मात्र उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा त्रिशंकू एकाच रात्री पाहता येतात.

सुरुवात या यादीपासूनच करावी. राशींच्या आणि नक्षत्रांच्या आकृत्या नंतर जमतात, कारण त्यांतले बरेचसे तारे अंधुक असतात आणि नकाशावरच्या रेघा आकाशात नसतात. पहिले काही आठवडे काळोखं आकाश गाठण्याचीही गरज नाही. उलट शहरातली गच्ची सोयीची. गडावरच्या काळोखात हजारो तारे एकदम अंगावर येतात आणि नवख्या माणसाला त्यात मृगसुद्धा सापडत नाही. शहराच्या उजेडात बारीक तारे पुसले जातात, ठळक तेवढे उरतात आणि शिकायचे असतात नेमके तेच. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथे जरूर जा, पण वीस तारे नावानिशी ओळखता येऊ लागल्यावर.

दिसलेल्या ताऱ्याचं नाव लगेच ठरवू नका. तीन गोष्टी तपासा: तो कोणत्या दिशेला किती उंचीवर आहे, रंग कोणता, आणि शेजारी कोण. तिन्ही जुळल्या तर नाव पक्कं. दोन जुळल्या आणि तिसरी जुळेना, तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. पुष्कळदा ती भानगड ग्रहाची निघते. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

आधी दिशा, मग उंची

सगळ्यांत जास्त चुका दिशेत होतात. "सूर्य इथून उगवतो, म्हणजे ही पूर्व" हे वर्षातून दोनदाच खरं असतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरात पुण्यात सूर्य अचूक पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. डिसेंबरातला सूर्योदय पाहून पूर्व ठरवली तर सगळं आकाश तेवढंच फिरलेलं वाटणार. साधं होकायंत्र वापरा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्ती करावी लागत नाही. मात्र पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा, सोलर हीटर, पत्र्याची शेड यांच्यापासून चार-पाच पावलं दूर उभं राहा. मोबाइलमधलं होकायंत्र तर लोखंडाजवळ हमखास भरकटतं. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चारदा फिरवला की ताळ्यावर येतं. उत्तर एकदा नक्की झाली की त्या रेषेत येणारी एखादी स्थिर खूण, टॉवर किंवा समोरच्या इमारतीचा कोपरा, लक्षात ठेवा. मग रोज होकायंत्र लागत नाही.

उंची मोजायला हात पुरे. हात पूर्ण ताणून एक डोळा मिटायचा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं जोडून ५ अंश, बंद मूठ १० अंश, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत २० अंशांच्या जवळपास. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत ९० अंश, म्हणजे नऊ मुठी. लहान मुलाचा हात आखूड असतो, तशी मूठही लहान असते, त्यामुळे माप त्यालाही बरोबर येतं. कोपर वाकलं की बिघडतं. आपली मूठ तपासायची असेल तर ध्रुवतारा वापरा. त्याची उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकी असते: पुण्यात साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस, पणजीला साडेपंधरा.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. ठळक ताऱ्यांसाठी दहा मिनिटंही चालतील. नकाशा वाचायला पांढरा टॉर्च मात्र नको. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबरबँडने बसवा. फोनची स्क्रीन शक्य तितकी मंद करा.

पहिला धडा: फेब्रुवारी, रात्री नऊ

शिकायला वर्षातला सर्वांत चांगला काळ डिसेंबर ते मार्च. हवा कोरडी, आणि एकवीसपैकी सात-आठ तारे एकाच वेळी डोक्यावर. पुढची मापं पुण्याच्या आकाशाला धरून, १५ फेब्रुवारीला रात्री नऊच्या सुमाराची आहेत. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. म्हणून हेच आकाश १५ जानेवारीला रात्री अकराला, १५ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर एकला आणि १ मार्चला रात्री आठला सापडेल. नागपूरकरांनी सगळ्या वेळा वीस मिनिटं आधीच्या धराव्यात.

१. दक्षिणेकडे तोंड करा आणि मान बरीच वर उचला. एका सरळ रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावर, सारख्या तेजाचे तीन तारे दिसतील. तिन्ही मिळून तीन अंशांत, दोन बोटांच्या आत मावतात. हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. असे तीन तारे आकाशात दुसरीकडे कुठेही नाहीत, म्हणून सुरुवात इथून.

२. बाणाभोवती चार तारे मोठा उभट चौकोन करतात, ते मृगाचे पाय. ईशान्येकडचा नारिंगी तारा काक्षी, त्याच्या तिरक्या समोर नैर्ऋत्येला निळसर पांढरा राजन्य. या दोघांच्या रंगांतला फरक पाहा. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० केल्विन आणि राजन्याचं १२,००० च्या आसपास, म्हणून हा फरक. रंग दिसत नसेल तर एकाच ताऱ्याकडे रोखून पाहू नका. नजर या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर फिरवत राहा. दुर्बीण असेल तर तिचा फोकस थोडा बिघडवा. तारा पसरून लहान चकती होते आणि रंग उठून दिसतो.

३. बाणाची रेघ आग्नेयेकडे, खाली डावीकडे वाढवा. सव्वादोन मुठींवर एक लखलखीत पांढरा तारा येईल. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, प्रत उणे १.४६. (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी.) अंतर फक्त ८.६ प्रकाशवर्षं.

४. आता तीच रेघ उलट्या बाजूला, वायव्येकडे. पुन्हा साधारण सव्वादोन मुठींवर नारिंगी रोहिणी. तिच्याजवळ बारीक ताऱ्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार आहे, पण तो शहरातून दिसेलच असं नाही. तसंच पुढे आणखी दीड मुठीच्या आत कृत्तिकांचा झुबका. कृत्तिका सापडल्या की रोहिणीबद्दल शंका उरत नाही.

५. काक्षी आणि व्याध यांच्या पूर्वेला प्रश्वा. काक्षी, व्याध, प्रश्वा मिळून जवळजवळ समभुज त्रिकोण होतो, प्रत्येक बाजू २६ अंशांच्या आसपास. मोजून पाहा. हाताचं माप बसायला यापेक्षा चांगला सराव नाही.

६. राजन्यापासून काक्षीपर्यंत रेघ काढा आणि तशीच पुढे तीन-सव्वातीन मुठी न्या. ती पुनर्वसूच्या जोडीजवळ पोहोचते. दोन तारे साडेचार अंशांवर शेजारी शेजारी: जास्त तेजस्वी आणि पिवळसर तो पोलक्स, जरा मंद पांढरा तो कॅस्टर. यादीत पोलक्सच येतो.

७. शेवटी पाठ फिरवून उत्तरेकडे तोंड करा आणि सहा मुठी वर पाहा. पिवळसर, ठसठशीत, तो ब्रह्महृदय. त्याच्या अगदी जवळ तीन मंद ताऱ्यांचा चिंचोळा त्रिकोण आहे. गावाकडून ही खूण छान दिसते.

राजन्य, रोहिणी, ब्रह्महृदय, पोलक्स, प्रश्वा, व्याध असे क्रमाने जोडले की काक्षीला मध्ये घेणारा मोठा षटकोन तयार होतो. हा षटकोन कागदाशिवाय काढता येईपर्यंत पुढच्या भागाकडे वळू नका. चार-पाच रात्री पुरतात.

इथे नेहमी होणारा एक गोंधळ. काक्षी हा चंचल तारा आहे, त्याचं तेज कमीजास्त होतं. २०१९ च्या अखेरीस तो मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. तेव्हा "काक्षी रोहिणीपेक्षा तेजस्वी" असं पाठ करून ठेवलेल्यांची पंचाईत झाली असणार. तेजाची तुलना ही ओळखीची सर्वांत कच्ची खूण. जागा आणि शेजार सर्वांत पक्क्या.

अगस्त्य: उंच इमारतींचा बळी

व्याधाखालोखाल तेजस्वी तारा अगस्त्य. तो व्याधाच्या साधारण साडेतीन मुठी खाली, दक्षिण क्षितिजाकडे असतो. व्याध दक्षिणेला सर्वांत उंच येण्याच्या वीस मिनिटं आधी अगस्त्य त्याच्या सर्वोच्च जागी असतो. म्हणजे १५ फेब्रुवारीला पुण्यातून साधारण सव्वानऊ-साडेनऊला ठीक दक्षिणेकडे पाहायचं. सर्वोच्च म्हणजे तरी किती? नागपूरला १६ अंश, मुंबईला १८, पुण्यात १९, कोल्हापूरला २१ च्या जरा आत, पणजीला २२. दोन मुठींचाच मामला.

म्हणून गच्चीवरून अगस्त्य न दिसण्याचं कारण बहुधा समोरची इमारत असते. हिशेब सोपा आहे. दक्षिणेची इमारत तुमच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा जितकी उंच, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर असली पाहिजे. तुमच्यापेक्षा वीस मीटर उंच असलेली इमारत साठ मीटरच्या आत असेल तर अगस्त्य तिच्यामागेच उगवून मावळणार. अशा वेळी गच्ची बदला. तो उगवण्यापासून मावळण्यापर्यंत पुण्यात फक्त साडेआठ तास वर असतो. व्याध सव्वाअकरा तास असतो.

क्षितिजाजवळ हवेचा थर जाड लागतो. डोक्यावरच्या मानाने ३० अंश उंचीवर दुप्पट, १० अंशांवर साडेपाच पट. त्यामुळे अगस्त्य पुस्तकातल्या आकड्याइतका तेजस्वी वाटत नाही आणि कधी कधी तांबूस दिसतो. अग्रनद, मित्र, मित्रक आणि त्रिशंकू यांचं दुखणंही हेच. अगस्त्य भाद्रपदाच्या सुमाराला पहाटे पुन्हा दिसू लागतो आणि पावसाळा ओसरू लागल्याची ती खूण, हे आपल्याकडचं जुनं गणित. अगस्तीने समुद्र प्यायल्याची कथा त्याला छान शोभते.

एप्रिल-मे: सप्तर्षींची कमान

मेच्या मध्यावर रात्री नऊला उत्तरेकडे पाहिलं की सप्तर्षी उंच आलेले असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. चौकोनाच्या पुढच्या बाजूचे दोन तारे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढा आणि त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट, म्हणजे पावणेतीन मुठी, पुढे जा: तिथे ध्रुव. तो दुसऱ्या प्रतीचा आहे. ध्रुव आकाशात सर्वांत तेजस्वी असतो ही समजूत इतकी पक्की असते की खरा ध्रुव दाखवला तर लोक हिरमुसतात. आपल्याकडे तो क्षितिजाच्या धुरकटपणात असतो, त्यामुळे मुंबईतून बऱ्याच रात्री शोधावाच लागतो. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती दिसते का, तेही याच वेळी पाहून घ्या.

आता शेपटीचा बाक तसाच पुढे न्यायचा. शेवटच्या मरीचीपासून तीन मुठींवर पूर्वेला उंच, फिकट नारिंगी स्वाती. तीच कमान आणखी सव्वातीन मुठी वाढवली की निळसर पांढरी चित्रा. चित्रेच्या उजवीकडे चार मंद ताऱ्यांचा तिरका चौकोन, हस्त नक्षत्र. तो असेल तर चित्रा नक्की. स्वाती पुण्याच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. मध्यावर येतो तेव्हा मान मोडेपर्यंत वर पाहावं लागतं, म्हणून अंथरूण टाकून आडवं होणं बरं. पश्चिमेकडे याच वेळी मघा. तिच्या डोक्यावर ताऱ्यांचा विळा आहे आणि मघा त्या विळ्याच्या मुठीशी.

त्रिशंकूसाठी साडेनऊला ठीक दक्षिणेला, क्षितिजालगत पाहा. वरच्या टोकाचा तारा तांबूस आणि साधारण दीड मुठीवर, तळाचा एका मुठीच्याही खाली. सबंध आकृती उभी सहा अंशांची, लहानशी. मित्र आणि मित्रक त्याच्या डावीकडे. ते वर यायला साडेदहा-पावणेअकरापर्यंत थांबा. मित्राकडून मित्रकाकडे काढलेली रेघ त्रिशंकूच्या माथ्याकडे जाते. ही रेघ तपासल्याशिवाय त्रिशंकू सापडला असं म्हणू नका, कारण मार्च-एप्रिलच्या रात्री त्याच भागात, जरा वर आणि पश्चिमेला, एक फसवा क्रूस दिसतो. तो मोठा आणि मंद असतो, आणि त्याच्या डावीकडे मित्र-मित्रकासारखी जवळजवळची तेजस्वी जोडी नसते. मेमधली धूसर हवा नको असेल तर मार्चच्या मध्यावर रात्री दोनला उठा. आकाश तेच, हवा स्वच्छ. कोकणात आणि गोव्यात दक्षिणेला समुद्र किंवा मोकळं मैदान मिळालं तर आणखी सोपं. नागपूरकरांना मात्र तळाचा तारा फक्त सहा अंशांवर मिळतो, तोही क्षितिज सपाट असेल तरच.

पावसाळा आणि त्यानंतर

ज्येष्ठा रात्री नऊला दक्षिणेत मध्यावर येते ती जुलैत, म्हणजे ढगांमागे. तिला मेअखेर रात्री दहानंतर आग्नेयेला गाठा, नाहीतर सप्टेंबरात अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला. लालसर नारिंगी तारा, दोन्ही अंगांना एकेक मंद तारा, खाली वृश्चिकाची नांगी. ओळखायला सर्वांत सोप्या आकृत्यांपैकी ही एक.

ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री आठला तीन तारे वर असतात. वायव्येला पाच-साडेपाच मुठींवर निळसर पांढरा, तिघांत सर्वांत तेजस्वी तो अभिजित. ठीक उत्तरेला सहा मुठींच्या जरा वर हंस पुच्छ, म्हणजे डेनेब. आणि डोक्यापासून दोन मुठी खाली, नैर्ऋत्येकडे श्रवण. तिघांच्या त्रिकोणात अभिजित-हंस पुच्छ बाजू सर्वांत लहान, २४ अंश. बाकी दोन ३४ आणि ३८. श्रवणाच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा एका रेषेत आहे, श्रावणबाळाची कावड म्हणून ही तिकडी ओळखतात. अभिजित फक्त २५ प्रकाशवर्षांवर आहे. डेनेबचं अंतर हजारांत मोजावं लागतं, तरी तो दिसतो ते त्याच्या प्रचंड तेजामुळे.

त्याच वेळी आग्नेयेला साडेतीन मुठींवर एकटाच मीनास्य. आजूबाजूला दुसरा ठळक तारा नाही, हीच त्याची खूण. खात्री हवी असेल तर महाश्व (पेगॅसस) या तारकासमूहाच्या मोठ्या चौकोनाची पश्चिमेची बाजू सरळ दक्षिणेला खाली आणा. अग्रनदासाठी डिसेंबरच्या मध्यावर साडेआठ-पावणेनऊला ठीक दक्षिणेला दीड मुठीवर पाहा. ऑक्टोबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ध्रुव शोधायला ईशान्येची शर्मिष्ठा वापरा, इंग्रजी एम किंवा डब्ल्यू अक्षरासारखे पाच तारे. मधल्या ताऱ्यापासून ध्रुव तीन मुठींवर.

नकाशात नसलेला तेजस्वी ठिपका

तो ग्रह आहे. शुक्र आणि गुरू नेहमीच व्याधापेक्षा तेजस्वी असतात, म्हणजे "व्याधाहूनही मोठा तारा" दिसला तर तो तारा नव्हे. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही. मध्यरात्री डोक्यावर दिसला तो शुक्र असू शकत नाही. मंगळ सर्वांत फसवा. कधी उणे २.९ प्रतीचा, कधी १.८ पर्यंत मंद, आणि ज्येष्ठा किंवा रोहिणीजवळून जाताना रंगही तसाच. शनी शांत, पिवळसर आणि आळशी. एका राशीत अडीच वर्षं राहतो, आणि साडेसातीचं गणित तीन राशींच्या याच मुक्कामाचं.

ग्रह लुकलुकत नाहीत ही खूण अर्धीच खरी. क्षितिजाजवळ ग्रहही थरथरतात आणि डोक्यावरचा तारा शांत असू शकतो. खालच्या हवेत व्याध तर लाल-हिरवा-निळा असा झगमगतो की लोकांना तो ड्रोन वाटतो. ऑक्टोबरात रात्री नऊनंतर ईशान्येला उगवणारा ब्रह्महृदयही असाच फसवतो. यापेक्षा पक्की कसोटी जागेची. ग्रह सूर्य-चंद्राच्या वाटेवरच असतात, आणि त्या वाटेजवळ पहिल्या प्रतीचे तारे पाचच: रोहिणी, पोलक्स, मघा, चित्रा, ज्येष्ठा. अभिजित, स्वाती किंवा व्याधाच्या शेजारी ग्रह कधीच येत नाही. तरीही शंका असेल तर शेजारच्या दोन ताऱ्यांसह चित्र काढून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पाहा. ठिपका सरकला असेल तर ग्रह. गुरू-शनीच्या बाबतीत महिनाभर थांबावं लागेल.

भिंतीवरचं कॅलेंडर

मराठी कॅलेंडरात रोजच्या चौकटीत नक्षत्र छापलेलं असतं. म्हणजे त्या दिवशी चंद्र कुठे आहे ते. ज्या रात्री रोहिणी लिहिलं असेल त्या रात्री चंद्राच्या आसपासचा नारिंगी तारा रोहिणी. मघा, चित्रा, ज्येष्ठा याच रीतीने चार महिन्यांत ओळखता येतात. मघा तर चंद्राच्या वाटेला इतकी लागून आहे की चंद्र कधी कधी तिला झाकतो. पौर्णिमाही उपयोगी. चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास, कार्तिकी पौर्णिमेचा कृत्तिकांच्या. महिन्यांची नावं तिथूनच आली.

दोन अडचणी आहेत. पंचांगातलं नक्षत्र हा १३ अंश २० कलांचा सारखा भाग असतो, तारा त्या भागात मध्येच असेल असं नाही; म्हणून चंद्र एका मुठीने अलीकडे-पलीकडे असू शकतो. आणि नक्षत्र किती वाजेपर्यंत आहे ती वेळ वाचायला विसरू नका. स्वाती आणि श्रवण यांना ही युक्ती चालत नाही, कारण ते तारे चंद्राच्या वाटेपासून तीन मुठी उत्तरेला आहेत.

नकाशा, ॲप, दुर्बीण

छापील तारानकाशात पूर्व डावीकडे आणि पश्चिम उजवीकडे असते. हे छपाईची चूक म्हणून सोडून देऊ नका. नकाशा टेबलावर नव्हे, डोक्यावर धरायचा असतो. ज्या दिशेला तोंड, ती दिशा नकाशाच्या खालच्या काठावर येईल असा फिरवून धरा. नकाशा कोणत्या अक्षांशासाठी आहे तेही पाहा. परदेशी पुस्तकातला ४० किंवा ५० अंशांचा नकाशा इथे वापरला तर ध्रुव खूपच वर दाखवला जातो आणि अगस्त्य गायब असतो.

स्टेलॅरियम हे संगणकावर मोफत चालणारं सॉफ्टवेअर उत्तम. गाव, तारीख आणि वेळ टाकून दुपारीच रात्रीचं आकाश पाहून जा. गच्चीवर फोन आकाशाकडे रोखून नावं वाचत बसलात तर फोन नावं ओळखेल, तुम्ही नाही. आधी स्वतः ठरवा, मग ॲपने पडताळा.

दुर्बिणीची घाई नको. टेलिस्कोपमधून तारा ठिपकाच दिसतो, आणि दृश्य इतकं लहान असतं की शेजार हरवतो. दोन डोळ्यांची ७×५० किंवा १०×५० (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण रंगांसाठी आणि कृत्तिकांसाठी पुरेशी. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. कुणा जाणत्यासोबत एक रात्र बसलं की दोन महिन्यांचं काम होतं.

वहीत रोज पाच रकाने भरा: वेळ, दिशा, मुठींमध्ये उंची, रंग, शेजारी. दोन तासांनी तोच तारा पुन्हा मोजा. पूर्वेकडचा तारा या वेळात सुमारे अडीच-तीन मुठी वर चढलेला असतो. ध्रुव तिथेच असतो. दोन मिनिटांत सरकला ते विमान किंवा उपग्रह.

हे सगळं इथल्या अक्षांशाचं. न्यू जर्सीतल्या मराठी घरातून ध्रुव चार मुठींवर दिसेल, अगस्त्य कधीच नाही, कारण ३७ अंशांच्या फारसं उत्तरेला तो उगवत नाही. लंडनमध्ये मीनास्य एका मुठीच्याही खाली आणि अभिजित मात्र कधी मावळतच नाही. सिडनीत मृग उत्तरेकडे पाहून शोधायचा. तो उलटा दिसतो, राजन्य वर आणि काक्षी खाली. व्याध बाणाच्या वरच्या अंगाला, अगस्त्य डोक्याजवळ.